खुशालरावांची बोली

लेकराचं नाव ठेवताना आईबापांनी जरा पुढचा विचार करावा. खुशालराव गावंडे यांच्या आईबापांनी तो केला नव्हता. अकोल्याच्या जुन्या शहरात एका गल्लीत, केशरबाईंच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत हा माणूस चार वर्षांपासून एकटा राहतो. स्वतःची भाकर स्वतः थापतो, एकच ताट घासतो, आणि कोणी विचारलंच तर "खुशाल हाओ" म्हणतो. विचारणाराही तेवढ्यावर समाधान मानून पुढे जातो. नावाचा उपयोग झाला तो एवढाच.

चौतीस वर्षं खुशालरावांनी भाजी-फळांच्या बाजारात हर्रास पुकारला. हर्रास म्हणजे लिलाव. पण लिलाव म्हटलं की आमच्या माणसाला बँकेची जप्ती आठवते, म्हणून हर्रासच. सकाळी वरूडची संत्री आणि बार्शीटाकळीची वांगी येऊन पडायची. संत्र्याच्या कॅरेटवर उभं राहून हा उंचापुरा गडी असा आवाज लावायचा, की पलीकडच्या चहावाल्याच्या गिऱ्हाइकालाही आपणच बोली लावली की काय अशी शंका यावी. एक वार, दोन वार, तीन वार! तीन वार म्हटलं की माल गेला. मग कोणाचा बाप आला तरी शब्द फिरायचा नाही. एकदा त्यांचा सख्खा साळा अर्धा श्वास उशिरा बोलला आणि मेथीचा ढीग दुसऱ्याला गेला. साळा दोन वर्षं घरी आला नाही. खुशालराव म्हणाले, नको येऊ, पण तीन वार म्हणजे तीन वार.

प्रणाली ही त्यांची एकुलती एक लेक. सुट्टीच्या दिवशी ती बापाचा डबा घेऊन बाजारात यायची, रिकाम्या कॅरेटवर बसून सगळं ऐकायची आणि घरी येऊन आईच्या बांगड्यांचा हर्रास पुकारायची. मग ती शिकली, तिचं लग्न अमरावतीच्या अश्विनशी झालं, आणि दोघंही पुण्याला नोकरीवर गेली. इथपर्यंत सगळं चारचौघांसारखं. पुढे मात्र एक रीत आडवी आली.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही ती रीत. आता ती कोण पाळतं? अर्धं अकोला पुण्यात लेकीच्या घरी महिना महिना मुक्काम ठोकतं, आणि वर तिथल्या भाजीला चव नाही म्हणून तक्रार करतं. पण खुशालरावांची बायको, जयवंताबाई, फार पक्की. लेकीला भेटायला त्या दोनदा पुण्याला गेल्या, दोन्ही वेळा नवऱ्याबरोबर स्टेशनाजवळच्या लॉजवर उतरल्या, आणि तिथून पाण्याचा तांब्या भरून लेकीच्या घरी गेल्या. "नातू होऊ दे, मंग गिलासभर नाई, गुंडभर पेतो," असं म्हणायच्या. तिसऱ्यांदा जायची वेळ आली नाही. छातीत दुखायचं निमित्त झालं आणि एका दुपारी त्या गेल्या, लेकीच्या घरचा घोट न घेता.

तेव्हापासून खुशालरावांना रीत मोडणं अवघड होऊन बसलं. बायकोनं मरेपर्यंत जे पाळलं ते आपण तहान लागली म्हणून मोडायचं? त्यांना वाटायचं, आपण ते पाणी प्यायलो तर जयवंता अजून थोडी मरेल. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगायला घरात होतं कोण?

पुण्याला तर जावंसं वाटे, आणि लॉजवर एकट्यानं उतरायचं जिवावर येई. तेव्हा कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानातल्या मनोजनं त्यांच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. मोठ्या शहरातल्या हॉटेलांच्या रिकाम्या खोल्या त्यावर बोलीनं जायच्या. मोहल्ला कोणता आणि तारे किती, एवढं दाखवत. हॉटेलचं नाव झाकलेलं. आपण आपला भाव टाकायचा. पटला तर पैसे तिथल्या तिथं कापले जाणार, मगच नाव उघडणार, आणि मग परत फिरणं नाही.

खुशालराव ताठ बसले. "म्हंजे हर्रासच हाय की हो हा!"

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. त्यांनी भाव टाकला. फोन म्हणाला, बोली कमी आहे, वाढवा. त्यांनी वाढवली. पुन्हा कमी. खुशालराव तापले. "कोण चढून राह्यला बे माह्यावर?" त्यांना वाटलं, समोर कोणी दुसरा गिऱ्हाईक उभा आहे आणि मुद्दाम इरेला पेटलाय. बाजारात असा एखादा असतोच. त्याला धडा शिकवायचा म्हणून ते चढत चढत गेले, आणि खोली सरळ काउंटरवर मिळाली असती त्याहून महाग घेऊन बसले. मनोज पोट धरून हसला. "काका, समोर कोणीच नसते. तुमी एकटेच होते."

समोर कोणीच नसतं, हे खुशालरावांना फार लागलं. चौतीस वर्षांत त्यांनी माणसांच्या भुवया वाचल्या होत्या. इथे भुवईच नाही. पण हाडाचा हर्रासवाला तो. महिनाभरात त्यांनी मर्म पकडलं. खोली म्हणजे कोथिंबीर. दुपार टळली की शेतकरी मिळेल त्या भावाला देतो, तसं हॉटेलवालाही संध्याकाळ जवळ आली की नरमतो. सुट्ट्या कधी, लग्नाची तिथी कोणती, परीक्षा कुठे, हे बघून बोली लावायची. मग गल्लीतली माणसं त्यांच्याकडे येऊ लागली. कोणाला मुंबईच्या दवाखान्यात जायचं, कोणाच्या पोरीची हैदराबादला मुलाखत. खुशालराव फोन हातात धरून तोंडानं "एक वार, दोन वार" म्हणत, आणि खोली पडली की "तीन वार!" असं ओरडत की वरून केशरबाईंच्या हातातलं भांडं निसटे. लोक हसत, आभार मानत, गावाला जात. येताना कोणी पेढे आणी, कोणी विसरे. त्यांच्या मुक्कामाच्या गोष्टी ऐकायला खुशालराव चहा टाकून बसत, पण लोकांना घाई असते.

स्वतःसाठी खोली घेताना एक गोष्ट ते नेहमी करत. पाहुणे किती, असं ॲप विचारायचं, आणि तिथं आधीच दोनचा आकडा असायचा. बाजूला उणेचं चिन्ह. ते दाबलं की एक. खुशालरावांनी ते कधी दाबलं नाही. मग हॉटेलवाले दोन टॉवेल ठेवत, दोन साबण, पाण्याच्या दोन बाटल्या. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, दुसरे गेस्ट कुठे आहेत, तर ते म्हणत, "मांगून येते."

त्यातली एक बाटली घेऊन ते लेकीच्या घरी जात. सोफ्यावर बसत, बाटली पायाशी. दोन तास गप्पा, मग हॉटेलवर परत. सुरुवातीला प्रणाली चहा विचारायची. मग विचारायची थांबली. अश्विन बिचारा आपला चहा स्वयंपाकघरात उभ्यानं पिऊन यायचा. बारा वर्षांत लेकीला मूल झालं नव्हतं. बापाच्या पायाशी ठेवलेली ती बाटली दर खेपेला तिला काय सांगते, याचा विचार खुशालरावांनी एकदाही केला नाही. माणूस वाईट नव्हता. पण भुवया वाचणाऱ्या माणसानं लेकीची भुवई वाचू नये, याचा मला अजून राग येतो.

यंदा दिवाळीनंतर अश्विनचा फोन आला. "मामाजी, प्रणालीची पिशवी काढावी लागते म्हणतात डॉक्टर. गाठी गंज, लयच वाढल्या. परवा ऑपरेशन हाय."

"बरं," खुशालराव म्हणाले. "येतो मी. खोली पाहतो."

आणि खरंच पाहायला बसले. घाबरलेला माणूस हाताला येईल ते काम धरतो, त्यांनी फोन धरला. लेकीच्या घराजवळ पाच ताऱ्यांची खोली दिसत होती. टाकला भाव लॉजचा. आणि काय नशीब! पटला. आयुष्यातली सर्वांत मोठी बोली जिंकली होती. "तीन वार!" ते ओरडले.

केशरबाई जिन्यावरून डोकावल्या. "काय झालं हो भाऊ?"

"पाच ताऱ्याचं भेटलं! पुण्याचं!"

"आता काहून जाता पुण्याले?"

खुशालरावांनी ऑपरेशनचं सांगितलं. केशरबाई दोन पायऱ्या खाली आल्या, आणि तिसऱ्या पायरीवर बसल्या. त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. जे मनात आलं ते त्या बोलल्या.

"माय माय! मंग भाऊ, आता लेकीच्या घरचं पाणी तुमी कधी पेसान?"

नातवंड होईपर्यंत, ही अट. आता नातवंड होणारच नव्हतं. म्हणजे जयवंताबाईंनी ज्याच्यासाठी तहान राखून ठेवली होती ते येणारच नव्हतं, आणि ही तहान आता कधीच संपायची नव्हती. खुशालरावांनी फोन उलटा ठेवला. केशरबाईंनी वरून वाटीभर भाजी पाठवली, ती तशीच राहिली.

ऑपरेशन नीट झालं. चार दिवस खुशालराव दवाखान्यात बाकावर बसून राहिले आणि झोपायला हॉटेलवर गेले. केवढी खोली! पलंगावर पाचजण झोपतील. ते एका कडेला झोपत, जशी सवय होती तशी, आणि सकाळी दुसरी बाजू चादरीची घडीही न मोडलेली दिसे. फुकटच्या नाश्त्याला पन्नास पदार्थ मांडलेले असत, आणि त्यांच्या टेबलावर समोरची खुर्ची वेटर उचलून दुसरीकडे नेई. पहिल्या दिवशी ते "असू दे" म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले नाहीत.

पाचव्या दिवशी प्रणालीला घरी आणलं. दुपारी खुशालराव आले तेव्हा ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. ते खुर्चीवर बसले. बाटली पायाशी ठेवली. प्रणालीनं बाटलीकडे पाहिलं.

"किती ताऱ्याचं भेटलं बाबा, या खेपेले?"

"पाच."

"बाप्पा! झोप लागते तिथं?"

"गादी गंज नरम हाय," खुशालराव म्हणाले. मग म्हणाले, "नाई लागत."

प्रणाली हसली, आणि टाके ओढले म्हणून पोटाला हात लावून थांबली. "बाबा, माही एक बोली घेता का?"

"कशाची?"

"बाजूची खोली. एकही तारा नाई. वरून एक गिलास पाणी. पाहा, याच्यावर कोणी चढते का."

"पोरी, असा हर्रास नसते."

"काहून नसते? माल तर पडूनच हाय बारा वर्षांपासून." तिचा आवाज आता खेळातला राहिला नव्हता. "तुमी नातवाची वाट पाहून राह्यले, अन् मी तुमची. तो आता काई येत नाई बाबा. मंग तुमीबी नाईच येणार का?"

अश्विन दारात पाण्याचा पेला घेऊन उभा होता. त्याला पुढे यावं की मागे जावं कळेना. प्रणालीनं हात पुढे केला, पेला घेतला आणि आपल्या मांडीवर धरला.

"पुकारा," ती म्हणाली.

खुशालरावांनी घसा खाकरला. "एक वार," ते म्हणाले. खोलीत पंखा फिरत होता. "दोन वार." हजारो ढीग, लाखो संत्री ज्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत पार केली, त्याची जीभ तिसऱ्या वाराला टाळ्याला चिकटली. कारण त्यांना माहीत होतं, तीन वार म्हटलं की शब्द फिरत नाही. त्यांना जयवंताबाई दिसत होत्या, तांब्या हातात घेऊन याच घराच्या दारात चपला काढताना. त्यांना रडू आलं. लेकीच्या देखत ते पहिल्यांदा रडले, आणि रडत रडतच म्हणाले,

"तीन वार."

बाजारात इतक्या हळू आवाजात कोणी पुकारलं असतं तर लोकांनी त्याला हाकलून दिलं असतं. पण शब्द तो शब्द. प्रणालीनं पेला पुढे केला. खुशालरावांनी दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात पिऊन टाकला. मग रिकामा पेला तिच्याकडे न देता अश्विनसमोर धरला.

"अजून एक आणा जावईबापू."

"अजून, बाबा?" प्रणालीनं विचारलं.

"हो," खुशालराव म्हणाले. "खोली दोघायची घेतली होती मी."