चिंतन कमी आहे

मंगळवार, १४ मार्च. आकाश स्वच्छ. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलला, त्यासाठी प्लंबरला दोनदा यावं लागलं. दुपारी धाकट्या दिरांचा फोन. गुडघा बरा आहे म्हणाले. सुनेला ब्लॉगमध्ये शून्य मिळालं.

त्या दिवशीची माझी नोंद एवढीच. शेवटच्या वाक्यामागे घरात किती आदळआपट झाली, ते त्यात नाही.

माझी सून रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत काम करते. लग्नाआधीपासून तिथेच आहे. घड्या घालायच्या टेबलापाशी लागली, आणि गेल्या वर्षापासून त्या मजल्यावरची देखरेख तिच्याकडे आहे, पण तात्पुरती. मालकांनी स्पष्ट सांगून टाकलं, "व्यवस्थापनाचा कोर्स पास झालीस तर कायमची प्रमुख करतो. नाहीतर बाहेरून कुणी आणतो." मुलगा माझा जहाजावर. घरात आम्ही दोघीच. तेव्हा चाळिशी उलटलेली ही बाई संध्याकाळी दप्तर घेऊन वर्गाला जाऊ लागली.

लेखी परीक्षेचं तिला भय नव्हतं. घोडं अडलं ब्लॉगपाशी. दर आठवड्याला आपल्या कामाबद्दल इंटरनेटवर लिहायचं, सगळ्या वर्गाने ते वाचायचं आणि एकमेकांच्या लिहिण्याखाली शेरा द्यायचा. शेऱ्यालाही गुण. त्यामुळे बँकेतला एक गृहस्थ सगळ्यांच्या खाली डोळे मिटून "अप्रतिम!" लिहून मोकळा होई. त्याचं नावच आमच्या घरात 'अप्रतिम' पडलं. ब्लॉगमध्ये नापास तो कोर्समध्ये नापास, असा नियम.

"आई, तुम्ही जन्मभर डायरी लिहिलीत," ती म्हणाली. "मला सांगा ना कसं लिहायचं."

मी सांगितलं. तारीख, हवा, कोण आलं, काय झालं. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये मदर दर शुक्रवारी आमच्या डायरीच्या वह्या तपासत. कुठे "मला वाटलं" दिसलं की लाल रेघ मारत. काय केलं ते कागदावर, काय वाटलं ते देवापाशी, असा त्यांचा दंडक होता. मला तो आजही पटतो.

सुनेने लिहिलं : "इस्त्रीचा मोठा रोलर सकाळीच बंद पडला. मेकॅनिक दुपारी आला. तोवर चादरी दोघींनी दोन टोकं धरून ताणल्या. रुग्णालयाची गाडी वेळेवर गेली."

मला तर ते फार आवडलं. एक शब्द फालतू नाही. शिकवणाऱ्या सरांनी खाली लिहिलं, "घटना आहे, पण चिंतन कमी आहे. आपल्याला काय वाटलं?"

"काय वाटलं म्हणजे? उकडतंय असं वाटलं!" सून फोनमधला शेरा वाचून ओरडली. "हा पोरगा माझ्या भाच्याच्या वयाचा. कधी ओली चादर उचलली आहे का त्याने?"

पुढच्या आठवड्यातही तेच. चिंतन कमी. त्याच्या पुढच्याही. सरांना आम्ही चिंतनमहाराज म्हणू लागलो, पण हसून गुण वाढत नव्हते. मग एक आठवडा असा गेला की लिहिण्यासारखं काही घडलंच नाही.

"अशा दिवशी तुम्ही काय लिहिता हो?"

"विशेष काही नाही, असं लिहिते."

तिने तेच लिहिलं. तारीख, हवा आणि "विशेष काही नाही." त्याखाली अप्रतिमने "अप्रतिम!" लिहिलं आणि सरांनी शून्य दिलं. हीच ती चौदा मार्चची गोष्ट.

आता एकच नोंद उरली होती. तीत चांगले गुण पडले नाहीत तर वर्षभराची ये-जा पाण्यात आणि ती जागा बाहेरच्या कुणाला.

आणि नेमकं या शेवटच्या आठवड्यात खरोखर काहीतरी झालं होतं. ताटल्या पुसता पुसता ती बोलून गेली. घड्यांच्या टेबलावर तिची जुनी सोबतीण आहे. सतत थट्टा करते, म्हणून सगळे तिला फिरकी म्हणतात. दोघी एकाच दिवशी कामाला लागल्या, एकाच डब्यात जेवल्या. म्हणून तर मी डब्यात दोन चमचे ठेवते. त्या फिरकीने बालविभागाच्या गठ्ठ्यात डाग न निघालेल्या चादरी घातल्या. रुग्णालयाची तक्रार आली. सुनेला सगळ्यांसमोर बोलावं लागलं.

"फार बोललीस का?"

"बोलायला हवं होतं तेवढंच. ती म्हणाली, 'बरं मॅडम.' आई, तिने मला मॅडम म्हटलं! थट्टेत नाही. जेवायला दुसऱ्या बाकावर जाऊन बसली."

ती तीच ताटली पुसत राहिली. मी म्हटलं, "अगं, सरांना हेच तर हवंय. हे लिही."

"हे? चारचौघांत? अप्रतिम खाली 'अप्रतिम' लिहील! आणि उद्या ते फिरकीच्या फोनवर पोहोचलं तर? माझ्या गुणांसाठी तिची लाज विकू?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही तरी लिहाल का असलं?"

तिचे सासरे गेले त्या दिवशी माझ्या डायरीत आहे : "संध्याकाळी हे गेले. शेजारून सहा खुर्च्या आणल्या." मदरांनी त्यावर लाल रेघ मारली नसती.

शेवटी दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिने जेवणाच्या टेबलाशी बसून एक लेख पाडला. रोलरचीच जुनी गोष्ट घेतली आणि तिला वर्गातल्या इतरांसारखी झालर लावली. "त्या क्षणी मला उमगलं की, संघ म्हणजे एकाच चादरीची अनेक टोकं." मला मोठ्याने वाचून दाखवलं.

"असं उमगलं होतं तुला?"

"कप्पाळ उमगलं! त्या क्षणी माझं टोक सुटत होतं."

सरांचा शेरा चार दिवसांनी आला. "उत्तम! आता खरं चिंतन जाणवतं. अभिनंदन." गुण भरपूर. कोर्स पास. तिने फोन सोफ्यावर फेकला.

"वर्षभर खरं लिहिलं तर शून्यावर आले," ती म्हणाली. "एकदा थाप मारली तर अभिनंदन! आणि यांना म्हणे व्यवस्थापन शिकवायचंय."

"जागा तर मिळाली ना?"

"मिळाली. सोमवारपासून काचेच्या खोलीत बसायचं." मग सोफ्यावरचा फोन उचलत म्हणाली, "तिथून घड्यांचं टेबल दिसतं. जेवायची बाकं दिसत नाहीत."

ती आत जाऊन पडली. सोमवारी ती कामावरून आल्यावर मी डबा धुवायला घेतला आणि मग डायरी उघडली.

सोमवार, २७ मार्च. दिवसभर ढगाळ. सून आजपासून मजल्याची प्रमुख. नळ पुन्हा गळतो आहे, प्लंबरला निरोप दिला. डब्यातला एक चमचा कोरडाच परत आला. दोन्ही धुऊन ठेवले.