चार मिलिग्रॅमची चोरी

मावशींनी कागद वाचला, घडी घातली आणि होता तिथे परत ठेवला.

"सही करणार नाही," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आहे. चोरायचंच असतं तर चार मिलिग्रॅम प्लॅटिनम चोरलं असतं का? तेवढ्यात डासाच्या नाकातली चमकीसुद्धा घडणार नाही."

स्टोअरचे साहेब हसले नाहीत. वजनाच्या बाबतीत ते इतके काटेकोर, की सगळे त्यांना पाठीमागे तोळामासा म्हणत. "चोरी कुठे म्हटलंय? 'हाताळणीतल्या निष्काळजीपणामुळे घट' एवढंच लिहिलंय. सही करा, विषय संपला."

विषय तिथे संपत नव्हता. मावशींचं कंत्राट दर वर्षी याच महिन्यात नवं व्हायचं. निष्काळजी हा शब्द एकदा फायलीत शिरला की नव्या कागदावर कुणी शिक्का मारणार नव्हतं.

मावशी प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायच्या. त्यांनी धुतलेल्या काचेवर थेंब म्हणून उभा राहत नसे. पाणी सगळीकडून सारखं पसरून ओघळायचं. प्लॅटिनमची तार देताना आणि परत घेताना तोलायची, आकडा वहीत लिहायचा, हेही त्यांच्याकडेच होतं.

सध्या ती तार एका संशोधक मुलीकडे होती. मावशींच्या थोरल्या लेकीएवढीच असेल. जेवण विसरायची. मावशी जाता-येता तिचा डबा उचलून बघायच्या आणि जड लागला की तिच्यासमोर आणून उघडायच्या. पोटच्या पोरीची काळजी पुरेशी नव्हती म्हणून ही एक आणखी.

मुलीचं काम इंधनघटाचं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आणून वीज काढणारा डबा. त्यात हायड्रोजन गुणी, सांगितलं तसं वागणारा, ऑक्सिजन महाहट्टी. त्याला कामाला लावायला महागडं प्लॅटिनम लागतं आणि तिथेच डबा साध्या माणसाच्या हाताबाहेर जातो. मुलगी त्याऐवजी लोखंड, नायट्रोजन आणि कार्बन यांची काळी पावडर भट्टीत भाजून करत होती. मावशी तिला काजळ म्हणायच्या. चार वर्षं काजळ यथातथाच चाललं. मग तीन महिन्यांपूर्वी त्याने कमाल केली. विजेचा दाब वर-खाली करायच्या दहा हजार फेऱ्यांच्या चाचणीत इतरांच्या पावडरी दमून बसतात. हिची मात्र फेऱ्यांगणिक चलाख होत गेली. तिच्या मार्गदर्शक सरांनी लगोलग लेख लिहून मासिकाकडे पाठवला.

साहेबांचा कागद टाळून मावशी वही घेऊन मुलीच्या टेबलाशी आल्या.

"तुझी चाचण्यांची वही काढ बरं. लांबड्या चाचण्या कोणत्या आठवड्यांत केल्यास?"

मुलीने तारखा वाचल्या. मावशी आपल्या वहीतल्या आकड्यांवर बोट ठेवत गेल्या. तार त्याच आठवड्यांत हलकी झाली होती. इतर वेळी काटा जागचा हललाही नव्हता.

"आणि त्याच आठवड्यांत तुझं काजळ सुधारलं," मावशी म्हणाल्या. "पोरी, मी बावीस वर्षांत वापरून वापरून सुधारलेली वस्तू पाहिली नाही. चप्पल नाही, झाडू नाही, नवरा नाही."

मुलगी हसायला गेली आणि अर्ध्यात थांबली.

"भांड्यात पावडरीसमोर हीच तार बुडवलेली असते," ती हळू म्हणाली. "करंट पुरा व्हायला. आम्लात इतक्या फेऱ्या झाल्या की थोडी विरघळत असणार. आणि विरघळून..."

"काजळावर जाऊन बसते."

"हो. म्हणजे बिनप्लॅटिनमच्या पावडरीत माझं काम प्लॅटिनमच करत होतं."

मावशींना आपली लाज राखायची तर या पोरीची चार वर्षं उघड्यावर टाकायची. घरी लेकीचं असं काही झालं असतं तर? त्यांची नजर साहेबांच्या खोलीकडे वळली. एक सही, बस. भांडी काय, दुसरीकडेही धुवायला मिळतील.

मुलीने ती नजर पाहिली. "खबरदार सही केलीत तर," ती म्हणाली. "निष्काळजी मी आहे, तुम्ही नाही."

तिने तार काढली, तिच्या जागी ग्रॅफाइटची कांडी लावली, ताजी पावडर घेतली आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून केली. तीन दिवस मावशींनी भांडी दोनदोनदा धुऊन दिली. चौथ्या दिवशी पडद्यावरची रेघ बरीच खाली उतरली. काजळ पुन्हा यथातथा. पण होतं ते त्याचं स्वतःचं होतं.

सर भडकले. "हा उपद्व्याप सांगितला कुणी? लेख परीक्षकांकडे आहे. तार तर कितीतरी लोक वापरतात."

"मग कितीतरी लोक चुकतात, सर. लेख मागे घ्या. नाहीतर मासिकाला मी कळवते."

"चार वर्षं आहेत तुझी त्यात."

"माझीच आहेत म्हणून म्हणतेय."

दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मावशींकडे सरांचं लक्ष गेलं. "आणि तुम्हाला हे कसं सुचलं?"

"काय कशाला चिकटतं, हे भांडी धुणाऱ्याला कळतं, सर."

तिसऱ्या दिवशी सरांनी लेख मागे घेतला.

वहीच्या शेऱ्यात मुलीने स्वतः लिहिलं: 'चार मिलिग्रॅम तार आम्लात विरघळली. प्रयोगातली चूक. माझी.' खाली ठसठशीत सही. तोळामासांनी तो शेरा तीनदा वाचला, आपला कागद मुकाट्याने फाडला, पण त्यांना गप्प बसवेना.

"त्या नव्या कांडीचीही नोंद हवी. रोजचं वजन."

मावशींनी ग्रॅफाइटची कांडी उघड्या खणात टाकली आणि हात पुसले.

"पेन्सिलीतलं शिसं आहे, साहेब. तुम्हाला तोलायचं तर तोला," त्या म्हणाल्या. "मला भांडी धुवायची आहेत. पोरगी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतेय."