बाबांच्या मशीनला कुंकू

कणकवलीच्या स्टँडवर बोरिवलीची एसटी लागली, तरी आईच्या सूचना संपेनात. पिशवी मांडीवरच ठेव, पायाशी ठेवू नकोस, देवाचं आहे ते. पिशवीत परसातल्या झेंडूची माळ, नारळ आणि कुंकवाची डबी होती. देव कसला, मशीन! पण आमच्या घरात असा फरक करायची पद्धत नाही.

बाबांनी अंधेरीच्या एका हत्यारांच्या कारखान्यात उभा जन्म काढला. पाने, छिन्न्या, हातोडे, सगळं तिथे बनायचं. बाबांकडे कानशीवर (कानस म्हणजे लोखंड घासायचं हत्यार) दाते पाडायचं मशीन होतं. त्याच्या टकटकीने त्यांचे कान गेले, त्यामुळे ते साधं पाणी मागायचे तेही शेजारच्या वाडीला ऐकू जाईल असं. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तिथे सगळी मशीनं धुऊनपुसून त्यांची पूजा व्हायची. एकदा कुंकू लागलं की त्या दिवशी मशीन चालवायचं नाही, मग खुद्द मालक का येईना. पुढे संप झाला, संप मिटला, पण गेटाचं टाळं काही निघालं नाही. आम्ही गावी आलो. आता बाबांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि गणपती झाल्यापासून त्यांचं एकच पालुपद चालू होतं: माझं मशीन बिनपूजेचं पडलंय, तू जा, एवढं कुंकू लागलं की मी सुखाने डोळे मिटीन. मरणाची भाषा करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी आधी चिडले आणि मग तिकीट काढलं.

रात्रभर एसटीने हाडं खिळखिळी केली. नवमीच्या सकाळी बोरिवलीला उतरले, नळावर तोंड धुतलं आणि अंधेरीची बस पकडली. वाटेत प्रत्येक टॅक्सीच्या नाकावर झेंडूची माळ, रिक्षांना केळीचे खुंट. ते बघून मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आपण काही वेडेपणा करायला आलेलो नाही.

कारखान्याचं गेट दिसलं. लहानपणी याच गेटातून बाबांचं बोट धरून शिरायचे, वर्षातून त्या एकाच दिवशी. आता आतल्या शेडवर पत्रे नव्हते. आत पुरुषभर उंच गवत माजलं होतं. समोर चहाची टपरी होती. टपरीवाल्या शेवंताबाईंचा नवराही इथेच कामाला होता. त्यांनी पिशवीतला झेंडू पाहिला आणि न विचारताच बाकड्यावर जागा करून दिली. म्हणाल्या, "आम्ही बौद्ध. पूजेबिजेचं आम्हाला काही नाही. पण आपला माणूस कुठं उभा राहतो ते त्या दिवशी बघायला मिळायचं ना, म्हणून मी पोरांना घेऊन दरसाल यायचे." मशीनं कधीच लिलावात गेली, हेही त्यांच्याकडूनच कळलं. बहुतेक भंगारात गेली. कानशीचं एक मात्र तुमच्याच गावाकडच्या सखारामने उचललं, चारकोपला गाळा (वसाहतीतली कारखान्याची खोली) घेतलाय त्याने. सखाराम म्हणजे बाबांचा हेल्पर, आमचा सखाकाका. मशीन जिवंत आहे म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

गोरेगावला बस बदलताना मी घाईत भलत्याच बसमध्ये चढले. बघते तर दोन्ही बाजूंना झाडी आणि म्हशींचे गोठे. आरे कॉलनी! कंडक्टर म्हणाला, "ताई, चारकोप तिकडं, समुद्राच्या अंगाला. तुम्ही डोंगराला निघालात." झाली ना वाट! उतरले, ओल्या गवताच्या वासात बसची वाट बघत उभी राहिले, थंडगार दुधाची बाटली प्यायले. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई माझ्या माळेकडे बघून हसली. इतकी शांत जागा मुंबईत असेल असं वाटलं नव्हतं, पण मला तिथे क्षणभरही थांबवेना. दिवस कलायच्या आत कुंकू लागायला हवं होतं.

चारकोपला खाडीचा वास, अर्धवट बांधलेल्या चाळी आणि गाळ्यांची रांग. शटरं बंद, त्यांच्यावर तोरणं. एकच उघडं होतं. आणि त्यातून तो आवाज येत होता. टकटकटकटक. माझे पायच थांबले. खंडेनवमीला? बाबांचं मशीन?

आत सखाकाका मशीनवर वाकलेला होता. कोपऱ्यात त्याची बायको कानशी कागदात गुंडाळत होती. मला ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. माझ्या हातातली माळ पाहिली आणि त्याने बटण बंद केलं. चपला काढून बाजूला उभा राहिला. बाबांची चौकशी केली, माझं उत्तर खाली मान घालून ऐकलं. मी डबी उघडली.

"बाय," तो म्हणाला, "लाव. तुझ्या बापाचं मशीन आहे, मी नको कसं म्हणू? पण एकदा कुंकू लागलं की आज माझ्याने हे चालवलं जाणार नाही. रात्रभर चाललं तरच माल सकाळी जाईल. नाही गेला तर ती पार्टी गेली, आणि माझ्याकडे दुसरी नाही."

उद्या लावतो, असंही तो पुटपुटला. पण उद्या नवमी नसते, हे त्यालाही ठाऊक होतं. मला त्याचा राग आला. आमच्या बाबांचा एवढा एक शब्द, आणि तोही मोडायचा? चिमटीत कुंकू घेऊन मी उभी होते. त्याच्या बायकोने गुंडाळणं थांबवलं होतं आणि ती माझ्या बोटांकडे बघत होती. मी मशीनवर हात ठेवला. अजून गरम होतं.

कुंकू मी परत डबीत टाकलं. "चालू करा, काका."

मी बाहेर पडेपर्यंत त्याने बटण दाबलं नाही. रांगेच्या टोकाला वळले तेव्हा मागून आवाज सुरू झाला. रस्त्यात उभी राहून मी रडले.

परतीच्या एसटीत मी मनाशी खोटं बोलायची तालीम केली. कुंकू लावलं, माळ घातली, नारळ फोडला. दसऱ्याच्या सकाळी घरी पोचले तर बाबा उशीला टेकून, दाढी करून बसलेले. आईने नवा सदरा घातला होता त्यांना. मी तोंड उघडलं आणि सगळं खरंच बाहेर आलं. टाळं, भंगार, सखाकाका, बायको, रात्रभराचा माल.

"नवमीक चालू होता?" त्यांनी विचारलं. नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही.

"होय, बाबा."

"मगे तू कुंकू लायलंस?"

"नाय."

बाबा म्हणाले, "बरा केलंस, बाय."

आणि तोंड भिंतीकडे वळवलं. आई आपट्याचं पान हातात देत होती, ते त्यांनी घेतलं नाही. बाबांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी मशीनचं नाव काढलं नाही, मरणाचंही नाही. मार्गशीर्षात ते गेले. लोक विचारतात, एवढी मुंबईला गेलीस, काय पाहून आलीस? काय सांगू? ज्या माणसाचा शब्द मी मोडून आले, त्यानेच मला बरं केलंस म्हटलं. शिव्या दिल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या.