सिद्रामचा डावा डोळा आणि मॉरिसचं डावं दार

सिद्राम,

पाकीट बघून दचकू नकोस, मी नवा ओरखडा पाडलेला नाही. गाडी ठणठणीत आहे. तुझ्यावर चार पानं लिहायला घेतलीत, लोकांनी वाचावीत म्हणून. आधी तुला कळवते, नाहीतर नंतर म्हणशील, "आक्का, माझं कशाला लिवलं?" चंपाबाईला मोठ्यानं वाचायला सांग. मी कुठं चुकले असेन तर गप्प बस, वाद घालायला मला वेळ नाही. आता वाचणाऱ्यांकडे वळते.

सिद्राम शहापूरचा, आमच्याच गावातल्या विणकरांच्या पेठेतला. घरात हातमाग, वडील साड्यांचं सूत रंगवायचे. याला मागावर बसायचा कंटाळा, म्हणून सोळाव्या वर्षी खडेबाजाराजवळच्या एका गॅरेजात शिरला आणि चाळीस वर्षं गाड्या रंगवत राहिला. ठोकलेला पत्रा सरळ करणारे गावात पुष्कळ होते. जुन्या रंगाशेजारी नवा रंग लावून जोड दिसू न देणारा हा एकटा. मग रंग मोजून मिसळणारी यंत्रं आली आणि सिद्रामला कोणी विचारेना. भावाच्या सूत रंगवायच्या हौदावर परत जाऊन त्यानं सहा वर्षं सुताच्या लडी रंगवल्या. त्यातच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं राहिलं. बाजारात बोललं जाऊ लागलं, सिद्रामचा डोळा गेला. लोक काय, बोलतातच. वाईट हे की ते त्यालाही पटलं.

आता गाडी. माझे वडील निपाणीला डॉक्टर होते. त्यांची १९५७ची मॉरिस अजून माझ्याकडे आहे आणि मी ती चालवते. रंग हिरवाही नाही, राखाडीही नाही. अर्धवट वाळलेल्या तंबाखूच्या पानाची पाठ बघा, तसा. कारखान्यातून आला तो तसाच, त्यावर कधी ब्रश फिरला नाही. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या अनगोळच्या घराच्या फाटकाला मी ती घासली. खांब मध्ये आला वगैरे सांगणार नाही. मी घासली. डावं दार पत्र्यापर्यंत सोललं.

आमचा मेकॅनिक परशराम म्हणाला, "आक्का, सगळीच रंगवून टाका. नव्या नवरीगत दिसंल."

"ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटी आहे," मी म्हटलं. "मी तोंड रंगवून हिंडते का?"

एका दुकानातून यंत्रावर रंग मिसळून आणला. तिथल्या ट्यूबलाइटखाली तो तंतोतंत जुळला. दार रंगवून गाडी उन्हात काढली तर ते दार दुसऱ्या गाडीचं उसनं आणल्यासारखं दिसायला लागलं. मी ते खरवडून घेतलं आणि थेट शहापूर गाठलं.

सिद्राम हौदाशी उभा होता, हात कोपरापर्यंत जांभळे.

"न्हाय जमायचं आक्का. उजव्या डोळ्यानं सगळं निळसर दिसतंय, डाव्यानं पिवळं. दोन डोळं, दोन रंग. खरं कुणाचं मानू?"

"मला काय विचारतोस? मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, डोळे नाही. निदान गाडी बघ."

बघायला आला. हात पुसले, दार उघडलं, कडेचं रबर जरा उचललं. त्याखाली ऊन कधी न लागलेला रंग होता. त्यावर त्यानं बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. तेव्हाच मला कळलं, माणूस येणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाचे डबे घेऊन अनगोळला हजर. पण मला बजावलं, "आक्का, ह्यो शेवटचा. जुळला तर ठीक, न्हाय तर परत मला गाडीजवळ बोलवायचं न्हाय." आधी चार दिवस त्यानं सगळी गाडी हलक्या हातानं घासून वरचा मळकट थर काढला. मग हिरवा, पांढरा, काळा, चिमूटभर पिवळा असं घोटत बसला. पत्र्याच्या पट्टीवर रंग लावायचा, वाळू द्यायचा, गाडीला लावून बघायचा. पहिली पट्टी वाळली ती काळपट. दुसरीही काळपट. तिसरीही.

त्यानं डब्याचं झाकण लावलं. "बघिटलासा? गेला डोळा. परशरामला बोलवा, रंगवू द्या सगळी."

मी रागावले. काही उपयोग झाला नाही. तो पायरीवर पाठ फिरवून बसला.

दुपारी त्याची बायको चंपाबाई जेवणाचा डबा घेऊन आली. मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी बाई, तिला नुसतं बसायची सवय नाही. तिन्ही पट्ट्या तिनं शेजारी शेजारी मांडल्या.

"डोळा गेला म्हंता? मग एक काळी, एक पांढरी व्हायला पायजे हुती. ह्या तिन्ही एकसारख्याच काळ्या हाईत." आणि मग नवऱ्याकडं बघून, "अवो, तुमी सूत वाळवाय लागलाय व्हय?"

सिद्रामनं तिन्ही पट्ट्या उचलून हातात घेतल्या. वाचणाऱ्यांना समजावून सांगते. ओलं सूत गडद दिसतं आणि वाळलं की उतरतं. म्हणून सूत रंगवणारा हवा त्यापेक्षा रंग जरा चढा ठेवतो. गाडीच्या रंगाचं उलटं, तो वाळताना गडद होतो. सहा वर्षं हौदावर काढलेला हात आपोआप रंग चढा ठेवत होता. डोळा बरोबर होता, हात हौदावरच राहिला होता.

"च्यामारी," सिद्राम म्हणाला आणि आपल्या जांभळ्या हातांकडे बघून इतका हसला की जेवणाचा डबा सांडायची वेळ आली. बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या मला हे सुचलं नव्हतं. तेही लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगायला नको.

नंतरची तीन दिवसांची गंमत मी खुर्ची टाकून बघितली. एक डोळा झाकायचा, बघायचं. दुसरा झाकायचा, बघायचं. यंत्राच्या रंगाचा जुना पोपडा मी ठेवला होता, तोही त्यानं असाच तपासला. "ह्यो उजव्याला पटतोय, डाव्याला न्हाय. दोघं भांडाय लागलं की समजायचं, रंग खोटा." सातव्या पट्टीवर उन्हात, सावलीत, दोन्ही डोळे गप्प बसले. त्यानं मान हलवली, एवढंच. दुसऱ्या दिवशी वारा सुटायच्या आत दारावर रंग फवारायची गन फिरवली.

जानेवारीत निपाणीला जुन्या गाड्या जमल्या. पुण्याहून एक परीक्षक आले होते, हातात भिंग, टॉर्च. मॉरिसभोवती फिरून म्हणाले, "बाई, गाडी सुरेख जपलीय. फक्त हे उजवं दार नंतर रंगवलंय. आम्हाला कळतं हो."

मी सिद्रामला कोपरानं ढोसलं.

"सायेब," तो म्हणाला, "उजवं कारखान्याचं. डावं माझं."

परीक्षक खाली वाकले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, दोन फेऱ्या मारल्या. मग भिंग खिशात घातलं आणि सिद्रामचा जांभळा हात दोन्ही हातांत धरला. मागं परशराम उभा होता. मी वळून त्याला म्हटलं, "काय रं, नवी नवरी?" आणि हे मी हळू म्हटलं नाही.

उत्तम जतनाचा चषक मिळाला. तो मी सिद्रामकडं दिला. चंपाबाई त्यात कांड्या ठेवते. आता हुबळी, कोल्हापूरहून जुन्या गाड्या शहापूरच्या बोळात शिरतात आणि अडकतात. भाऊ हौदावर नवा माणूस शोधतोय.

तर सिद्राम, पुन्हा तुझ्याकडे. त्या दिवशी निपाणीहून परत येताना ठरलं होतं की डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी तुला मॉरिसमधून नेणार. तारीख दोनदा घेतली. पहिल्या वेळी तू कुणाच्यातरी फियाटच्या बॉनेटखाली जुना रंग शोधत होतास. दुसऱ्या वेळी गाडीत बसलास, टिळकवाडीपर्यंत आलासही, आणि म्हणालास, "आक्का, ह्यो डोळा पण साफ केला तर उजव्याशी भांडायचं कुणी?" मी तुला चांगलं झापणार होते. पण सिग्नल सुटला, आणि मी हॉस्पिटलकडे वळायच्या ऐवजी सरळ गेले, ती फियाट बघायला. डॉक्टरांची चिठ्ठी अजून मॉरिसच्या कप्प्यात आहे.