फोटोपुरती सून

चहाचा ट्रे माझ्या हातात देऊन सासू म्हणाली, "धर नुसता. ह्यांच्यापुढं वाक. फोटू निघाला की खाली ठिव."

ट्रेमध्ये सहा कप होते. वाफा निघत होत्या. मी वाकले. सासऱ्यांनी हात पुढं केला, एका कपाच्या कानाला बोटं लावली. समोर नणंद मोबाईल घेऊन उभी होती. "आप्पा, जरा हसा की," ती म्हणाली. ते हसले. फोटो निघाला. बोटं कपावरून निघाली आणि परत मांडीवर गेली.

चहा कुणीच प्यायलं नाही. नणंदेनं ट्रे आत नेला आणि कप मोरीत ओतले. मी हॉलमध्ये उभी होते. ओतल्याचा आवाज सहा वेळा आला.

मला काही वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की मी रडले असेन. दाढ काढताना डॉक्टर हिरडी बधिर करतात ना, तसं होतं. ओढलेलं कळतं, दुखत नाही. पुढची साडी कुठली, एवढंच मी विचारलं. तेही मनात.

त्या दिवशी त्या घरात मी चार साड्या नेसले. एक साधा दिवस आणि तीन सण केले. सकाळी साडेअकरा ते दुपारी तीन.

आता हे कशासाठी, ते सांगते. माझा नवरा जर्मनीत आहे. आम्ही दोघं नगरच्या एमआयडीसीत एकाच कंपनीत होतो, मी क्वालिटीला, तो प्रॉडक्शनला. माझं काम म्हणजे पार्ट मापायचा, बरोबर असेल तर पुढं, चुकीचा असेल तर लाल ट्रेमध्ये. तो काष्टीचा. घरची बागायत, गावात मान, शहाण्णव कुळी. आम्ही बौद्ध. माझं आजोळ राहात्याकडं, गावाबाहेरच्या वस्तीत. वडील लवकर गेले. आई सावेडीतल्या एका शाळेत मावशी आहे, वर्ग झाडते, घंटा देते. आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. त्याच्याकडून कुणी आलं नाही. सहा महिन्यांनी त्याला तिकडची नोकरी लागली आणि तो गेला. मला त्याच्याकडं जायचं होतं. बाकी काही नको होतं.

बायकोचा व्हिसा म्हणजे कागदांचा ढीग. त्यांच्या भाषेची पहिली परीक्षा द्यावी लागते. शिफ्ट करून, बसमध्ये शब्द पाठ करून मी ती पहिल्या झटक्यात पास झाले. लग्नाचा दाखला, जन्माचा दाखला, भाषांतरं, सगळं जमवलं. मग फाईल लावायला सावेडीतल्या एका सल्लागाराकडं गेले. त्यांना सगळे सर म्हणायचे, म्हणून मीही.

सरांनी आमच्या लग्नाचा फोटो हातात घेतला. एकच होता. नोंदणी ऑफिसच्या पायऱ्या, गळ्यात हार, एका बाजूला माझी आई, दुसऱ्या बाजूला कंपनीतले दोघं साक्षीदार. उन्हानं सगळ्यांचे डोळे मिचमिचे झालेले.

"मॅडम, हे लग्न वाटतंय का? पोलिसांनी पकडल्यासारखे उभे आहात." मग त्यांनी दाखला उचलला. माझं माहेरचं आडनाव वाचलं, त्याचं वाचलं, परत माझं. "अच्छा. तुमच्या लोकांत लग्नं अशी ऑफिसातच होतात का?"

आमच्या लोकांत लग्नं मांडव घालून होतात. बँजो असतो, दोनशे माणूस जेवतं. हे ऑफिसात झालं कारण मुलाकडचं कुणी यायला तयार नव्हतं. असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "हो सर."

त्या "हो सर"ची मला अजून लाज वाटते. कपापेक्षा जास्त.

सर म्हणाले, अशा केसमध्ये सासरची संमती दिसली पाहिजे, नाहीतर समोरच्याला वाटतं कागदासाठी लग्न केलंय. फोटो आणा. सण वेगळे, साड्या वेगळ्या, माणसं तीच. असा नियम कुठंच लिहिलेला नाही, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मी वहीत लिहून घेतलं.

नवऱ्यानं फोनवर दोन महिने आईची मनधरणी केली. एक दिवस म्हणाला, "तयार झाली. फोटोपुरतं ये म्हणाली. बाजाराच्या दिवशी ये, गल्लीतली माणसं बाजारात असतात. येताना तोंडाला स्कार्फ बांध. आणि तिथं काही बोलू नकोस, प्लीज."

मी दौंडच्या एसटीनं काष्टीला उतरले. स्कार्फ बांधलेला होता. बाजारातल्या गर्दीतून, मेथीच्या जुड्या आणि प्लॅस्टिकच्या घमेल्यांमधून, माझ्याच सासरी मी चोरासारखी गेले.

चहाचा फोटो पहिला. साधा दिवस म्हणून हिरवी साडी. मग संक्रांत, नणंदेची काळी चंद्रकळा. सासूनं हळदीकुंकवाची कोयरी घेतली. तिचं बोट माझ्या कपाळापाशी आलं आणि थांबलं. टेकलं नाही. फोटोत टेकल्यासारखं दिसतं. मग दिवाळी. भर दुपारी पडदे ओढले, पाच पणत्या लावल्या. मी जांभळी साडी नेसून पणतीपाशी बसले. बाहेर ऊन रणरणत होतं. मग गणपती, पिवळी साडी. मी देवघराकडं वळले तशी सासू म्हणाली, "आत नगं. उंबऱ्याच्या भाईर हुबी ऱ्हा. फोटूत आत दिसतंय."

बाई ओरडली नाही. वाईट शब्द बोलली नाही. स्वयंपाकघरात मीठ कुठं ठेवलंय ते सांगावं तसं सांगितलं.

मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. हात जोडले. हसले. कुठं हसायचं ते मला आता कळायला लागलं होतं.

घसा कोरडा पडला होता. मी नणंदेला म्हटलं, "पाणी मिळेल का?" त्या घरात माझ्या तोंडून निघालेलं हे एकच वाक्य. तिनं मांडणीवरून हाताला लागला तो स्टीलचा ग्लास घेतला, भरून दिला. सासूनं ग्लासाकडं पाहिलं. मग मुलीकडं पाहिलं. मी पाणी प्यायले, तोंड लावून, सगळं.

निघताना नणंद कापडी पिशवी घेऊन दारापर्यंत आली. "वहिनी, ह्या साड्या तुम्हालाच ऱ्हाऊ द्या."

वहिनी. मला पहिल्यांदा कुणीतरी वहिनी म्हटलं होतं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सबंध दिवसात कळ लागली नव्हती, पण हा आनंद मात्र लागला. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसले. चार साड्या. सुरुवात तर झाली, असं मनात म्हटलं. माणसं हळूहळू बदलतात, त्यांनाही वेळ द्यायला हवा, असली सगळी समजूतदार वाक्यं मी विसापूर येईपर्यंत स्वतःला ऐकवली. नवऱ्याला मेसेज केला, आईंनी साड्या दिल्या. त्यानं बदामाचं चित्र पाठवलं.

घरी आई शाळेतून आलेली होती. मी पिशवी तिच्यापुढं ठेवली. "बघ, सासरहून काय मिळालं."

आईनं एकेक साडी काढली. काठावरून हात फिरवला. फॉल विटलेले होते, नेसून धुतलेल्या साड्या. चौथी उचलली तसा तिच्या घडीतून ग्लास घरंगळला आणि फरशीवर गोल फिरत राहिला.

तोच ग्लास. मी पाणी प्यायलेला.

आईनं तो उचलून उजेडात धरला. भांड्यावर घालतात तसं ठिपक्या-ठिपक्यांचं नाव होतं. आईनं एकेक अक्षर लावून वाचलं. माझ्या नवऱ्याचं नाव. खाली, मामाकडून. त्याच्या बारशाचा ग्लास.

"चुकून आला असेल," मी म्हटलं.

"न्हाई गं बाई. चुकून कसा घडीत बसंल." आईनं ग्लास साड्यांवर ठेवला. "तू नेसलेल्या साड्या त्यांना घरात नगं झाल्या. तू प्यालीस तो गिलासबी नगं झाला. आमच्या लहानपनी पानी वरून ओंजळीत ओतायचे. आता गिलासात देत्यात, आन् मागनं गिलासच देऊन टाकत्यात. आता परवडतं त्यांना."

एवढं बोलून ती भाकरी थापायला उठली. पीठ मळताना तिची पाठ मला दिसत होती. ती पाठ हलत नव्हती. मला तेव्हा कळलं की बधिर व्हायला मी कुणाकडून शिकले.

कंपनीत मी आठ वर्षं माल मापला. लाल ट्रे मला ओळखू यायला हवा होता. मी तो मांडीवर घेऊन एसटीतून आले, वर खूश होते.

सासूनं स्वतःच्या मुलाच्या नावाचा ग्लास घराबाहेर काढला. मी हे बराच वेळ मनात घोळवलं. माझ्या ओठांची भीती मुलाच्या बारशापेक्षा मोठी निघाली. मग मला राग आला. उशिरा आला, पण पक्का आला. अजून गेलेला नाही, आणि मी त्याला जाऊ देणार नाही.

रविवारी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. मी ग्लास कॅमेऱ्यासमोर धरला.

"अगं, हा माझा! बारशाचा!" तो हरखला. "आईनं दिला तुला?"

माझ्यासारखीच चूक. मला त्याची दया आली. मग मी आई जे बोलली ते जसंच्या तसं सांगितलं. तो खिडकीकडं बघत राहिला.

"जुनी माणसं आहेत," तो म्हणाला. "तू फोटो लाव फाईलला. एकदा इकडं आलीस की त्यांचा संबंध काय?"

"फोटो लावणार नाही."

"व्हिसा रिजेक्ट होईल."

"होऊ दे."

"म्हणजे तुला यायचंच नाही का?"

"यायचंय. म्हणूनच लावणार नाही."

त्यानं फोन ठेवला. नऊ दिवस फोन आला नाही. दहाव्या दिवशी आला तो, जेवलीस का, एवढंच विचारायला. ग्लासाचा विषय त्यानं काढला नाही. मीही नाही.

नणंदेनं पाठवलेले फोटो सरांनी आधीच छापून फाईलमध्ये ठेवले होते; मी जाऊन ते सगळे काढून घेतले. चकचकीत प्रिंट होत्या, सुंदर आल्या होत्या. आमचा खरा फोटो बनावट वाटतो आणि हे बनावट फोटो खरे वाटतात, यात फोटोंची चूक नाही. "मॅडम, स्वतःच्या हातानं केस घालवताय," सर म्हणाले. "घालवते," मी म्हटलं. पुढं सर लावलं नाही.

साड्या मी धुतल्या, इस्त्री केल्या, त्या फोटोंसकट पार्सल केल्या आणि काष्टीच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवल्या. पाठवणाऱ्याच्या जागी माझं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट, मोठ्या ठळक अक्षरात. मी स्कार्फ बांधून गेले होते. पार्सल उघड्या तोंडानं गेलं. पोस्टमन गावातलाच, नाव वाचल्याशिवाय देत नाही. तिकडून काही उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच.

ग्लास ठेवून घेतला. रोज त्यातूनच पाणी पिते. आई पण पिते.

परवा मुंबईत व्हिसाची मुलाखत आहे. फाईल बारीक झाली आहे. लग्नाचा फोटो एकच, पायऱ्यांवरचा, डोळे मिचमिचे झालेला, त्यात माझी आई आहे. सरांनी पाठ करून घेतलेले प्रश्न मला येतात. सासरी किती वेळा गेलात? त्यांचं उत्तर होतं, प्रत्येक सणाला. माझं उत्तर आहे, एकदा, फोटो काढायला. का, असं विचारलं तर का तेही सांगेन. मराठीत विचारलं तर मराठीत, जर्मनमध्ये विचारलं तर जर्मनमध्ये. तेवढे शब्द मला येतात.

व्हिसा मिळाला नाही तर मी इथं आहे. माझी नोकरी आहे, माझी आई आहे.

मिळाला तर ग्लास बॅगेत घेऊन जाणार. पहिल्याच दिवशी त्याच्या टेबलावर ठेवणार. माझ्यासमोर त्यानं आईला फोन लावायचा आणि विचारायचं, माझा ग्लास घराबाहेर का काढलास. रागावून नाही, नुसतं विचारायचं. आणि उत्तर येईपर्यंत फोन धरून थांबायचं. विचारलं तर मी तिथं राहीन. नाही विचारलं तर ग्लास त्याच्याजवळ ठेवून परत येईन. जाण्याचं तिकीट तो काढणार आहे. परतीचं मी काढणार, निघायच्या आधीच.