कालच्या प्रश्नाचं उत्तर

तुळशीराम गावित गेल्या महिन्यात, दुसऱ्या सोमवारी सकाळी, नाशिकमध्ये हृदयविकाराने वारला. वय पन्नाशीच्या आसपास. सातपूरच्या एका कारखान्यात तो भांडारप्रमुख होता. भेटायला आलेले बरेच जण म्हणाले, काय सफाईने इंग्रजी बोलायचा! खरं आहे. पण ते इंग्रजी तोंडातून बाहेर पडेपर्यंत माझा जीव किती मेटाकुटीला आला होता, हे त्यांना ठाऊक नाही.

तुळशीराम हरसूलकडच्या आदिवासी डोंगरपट्ट्यातला. १९७२ साली तो त्याच भांडारात कारकून होता, मी वर्तमानपत्रात उपसंपादक. इंग्रजी पत्रं तो निर्दोष लिहायचा. बोलायची वेळ आली की दातखीळ. भांडारप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि तिची मुलाखत इंग्रजीतून होती. म्हणून आम्ही ठरवलं, रोज सकाळी गंगापूर रोडने आनंदवलीपर्यंत चालायचं; जाताना फक्त इंग्रजी, येताना मराठी. जाताना मी काहीतरी विचारायचो. तो गप्प. "अरे, बोल ना!" "थांब, लावतोय." आनंदवली यायची, वाक्य लागलेलं नसायचं. परतीच्या वाटेवर मात्र तोंडाचा पट्टा सुरू. आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याला लागताच तो कालच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा, बिनचूक. ताप उतरला का, हे शनिवारी विचारलं तर रविवारी कळायचं.

"चुकीचं बोल, पण आजच्या आज बोल!" मी एकदा ओरडलो.

तो म्हणाला, "तू चुकलास तर लोक म्हणतात, चुकला. मी चुकलो तर म्हणतात, डोंगरातनं आलेले असेच."

दुसऱ्या दिवशी मी प्रश्न विचारला आणि ओरडलो नाही.

मुलाखत झाली. साहेबांनी तीन प्रश्न विचारले, तुळशीरामने एकाचंही उत्तर दिलं नाही. संध्याकाळी मला म्हणाला, "प्रश्न तसे सोपे होते." मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो न बोलावता साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्याउभ्या, क्रमाने उत्तरं देऊ लागला. तिसरं उत्तर संपल्यावर साहेबांनी इंग्रजीत चौथा प्रश्न विचारला, मुलाखत काल होती, आज मी तुझं का ऐकावं? तुळशीराम तिथल्या तिथे म्हणाला, "सर, यू आर ऑलरेडी लिसनिंग." ही हकीकत प्रथम त्याने सांगितली; दाराशी बसणाऱ्या शिपायाने तिला दुजोरा दिला.

जागा आदल्या दिवशीच दुसऱ्याला दिलेली होती. तुळशीरामला ती चार वर्षांनी मिळाली. मधल्या काळात तो जातानाही इंग्रजीत बोलायचा, येतानाही. काळ, वचन, सगळं पायदळी तुडवत. मी दुरुस्त करायला गेलो की म्हणायचा, "लेट मी फिनिश!" आणि त्याचं कधी संपायचं नाही. एकदा मी भर रस्त्यात हात जोडले, "बाबा रे, आता गप्प बस." तो बसला नाही.

गेल्या रविवारी त्याच्या घरी गेलो. त्याच्या पत्नीने, यमुनावहिनींनी, एक दोनशेपानी वही पुढे ठेवली. मी ती पूर्वी पाहिली नव्हती. डाव्या पानावर मी विचारलेला प्रश्न, उजव्या पानावर त्याचं उत्तर, चार-चार वेळा खोडून लिहिलेलं. शेवटच्या नोंदीत साहेबांचे तीन प्रश्न आणि तीन उत्तरं आहेत. चौथा प्रश्न वहीत नाही. त्यापुढची पानं कोरी आहेत.