रांगत्या पोरांचे पीटीचे सर

माणसाचं पुढचं सगळं आयुष्य तो पहिल्या दोन वर्षांत कसा आणि किती पडला यावर ठरतं, असं ठामपणे मानणारा आणि ते कुणालाही, कुठंही, न विचारता सांगणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो आम्हाला शाळेत पीटी शिकवायला होता. धारूरच्या बाजारातून जाताना सर माणसांचे चेहरे बघत नाहीत, पाय बघतात. ओळखही पायांवरूनच ठेवतात. एकदा एका अंत्ययात्रेत सगळे मान खाली घालून चालले होते. सरांचीही मान खाली होती, म्हणून मला वाटलं, त्यांना फारच लागलंय मनाला. स्मशानाजवळ पोचल्यावर ते माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "पुढचा डावा खांदेकरी बघ. टाचेवर चालतोय. लहानपणी रांगलेलाच न्हाई तो."

असा माणूस निवृत्त झाल्यावर घरी बसणं शक्यच नव्हतं. निवृत्तीनंतर ते पुण्याला मुलाकडं गेले, तेव्हा मुलानं त्यांना हौसेनं मॉल दाखवायला नेलं. मॉलमधलं दुसरं काहीही सरांनी बघितलं नाही. वरच्या मजल्यावर चिमुकल्यांना खेळायला फोमचे ठोकळे, घसरगुंडी, बोगदा आणि रंगीत चेंडूंचा हौद असलेली एक खोली होती. सर तिच्या काचेला नाक लावून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि घसरगुंडीची उंची वितीनं मोजताना पहारेकऱ्याला सापडले. "आजोबा, तुमचं मूल कोणतं?" असं त्यानं विचारल्यावर सर म्हणाले, "सगळीच." मुलाला कामावरून बोलावून घ्यावं लागलं.

धारूरला परत आल्यावर त्यांनी भावाचं रिकामं पडलेलं खताचं गोदाम मागून घेतलं, धुऊन काढलं, पांढरं केलं आणि बशीरभाईंना गाठलं. बशीरभाई म्हणजे जीप आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवणारा आमच्याकडचा नामांकित कारागीर. "सर, माल मजबूत हाय," ते म्हणाले. "त्याच्यावर ट्रॅक्टरवाला बसतो, लेकरू काय फाडणार?" त्यामुळे गोदामातले सगळे ठोकळे, उतरण, बोगदा आणि पायऱ्या तपकिरी रेक्झीनच्या, पिवळ्या काठाच्या झाल्या. एका मोठ्या ठोकळ्यावर, कापड कुठल्याशा जीपच्या ऑर्डरमधलं उरलेलं असल्यामुळं, 'आईचा आशीर्वाद' असं लिहिलेलं तसंच राहिलं. सरांनी ते काढू दिलं नाही.

बाहेर पाटी लागली : 'चालायला शिकणाऱ्यांसाठी'. पहिले दोन दिवस कुणीच फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी जवळच्या गावाहून एक म्हातारबाबा काठी टेकत आले आणि गुडघा दाखवू लागले. सरांनी त्यांना परत पाठवलं नाही. चहा पाजला आणि मॉलमधला बघून केलेल्या चेंडूंच्या हौदात बसवलं. बाबा दुपारभर डोळे मिटून गळ्याइतक्या चेंडूंत बसून होते. पुढच्या बाजारच्या दिवशी ते गावातले आणखी दोघे घेऊन आले. हौदात तीन पागोटी तरंगताहेत, हे दृश्य पाहायला म्हणून बायका कडेवर लेकरं घेऊन आल्या, आणि असं ते केंद्र सुरू झालं.

सरांची शिस्त मात्र शाळेचीच होती. शिट्टी वाजायची, हजेरी व्हायची. ज्यांना स्वतःचं नाव माहीत नव्हतं त्यांचीही व्हायची. विद्यार्थ्यांना ते 'अहो' म्हणत आणि पालकांना 'बे'. "अहो अयानराव, उतरताना पाय आधी, डोकं नंतर," असं ते बशीरभाईंच्या दीड वर्षाच्या नातवाला अदबीनं सांगत आणि लगेच त्याच्या बापाला, "तू कावून मधी येतोस बे? भाईर बस." पोरगं पडलं की धावायचं नाही, 'अगं बाई' म्हणायचं नाही, आणि लेकराला आणणाऱ्यानं आधी स्वतः बोगद्यातून रांगत जायचं, हे नियम सगळ्यांना सारखे. आमच्या भागातले एक वजनदार पुढारी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत नातवाला घेऊन आले, तेव्हा कार्यकर्त्यांना वाटलं, साहेबांना सूट मिळेल. सरांनी बोगद्याकडं बोट दाखवलं. साहेब निम्म्यात अडकले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि बोगद्यातून त्यांचा भारदस्त आवाज आला, "मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो." पलीकडच्या तोंडातून नातू आत शिरला, आजोबांच्या नाकासमोर जाऊन बसला आणि इतका खदखदून हसला की बाहेर कार्यकर्त्यांना हसू लपवायला माना वळवाव्या लागल्या. साहेब नंतर दर आठवड्याला येऊ लागले. कधीकधी नातू गावाला गेलेला असला तरी येत, असं म्हणतात.

मी हे सगळं लांबून बघून हसत होतो, तोवर माझ्या घरातच अडचण उभी राहिली. आमची ओवी दीड वर्षाची होऊन गेली तरी पाय टाकीना. उभी केली की खाली बसायची. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, "काहीही दोष नाही, तिला जमिनीवर सोडा." पण सोडणार कोण? माझी आई तिला कडेवरून खाली उतरवतच नव्हती. शेजारणी येऊन "अजून न्हाई का चालत?" असं विचारून जात आणि त्या गेल्या की माझी बायको न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवी. शेवटी आम्ही तिघं ओवीला घेऊन सरांकडं गेलो. मी बोगद्यातून रांगलो, बायको रांगली. आईनं पदर खोचला आणि आमच्या दोघांपेक्षा लवकर पलीकडं निघाली.

ओवीला सरांनी 'आईचा आशीर्वाद'पाशी बसवलं. ती बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. कित्येक दिवस ती तिथंच बसून इतर पोरांकडं एखाद्या निरीक्षकासारखी बघत होती आणि सर भिंतीला टेकून तिच्याकडं बघत होते. एक दिवस मला राहवलं नाही.

"सर, काहीतरी करा ना."

"करतोय की. बसलोय."

"बसून काय होणार?"

"हे बघ बे. सातवीत तू माझ्याकडं आलास, तवा तुला साधी उडी मारता येत न्हवती. मी लई शिट्ट्या फुंकल्या. काय झालं? उशीर झालता. तुला घरच्यांनी कधी पलंगावरून पडूच दिलं नसंल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या वेळी मला कळत न्हवतं. आता हिला घाई करू नको."

त्याच आठवड्यात अयानराव ठोकळ्यावर चढले, तोल गेला आणि थेट ओवीच्या अंगावर उतरले. पाय आधी, डोकं नंतर. वर तिच्या हातातला चेंडूही घेऊन निघाले. माझी आई ओरडणार, तोच सरांनी हात वर केला. ओवीचा चेहरा लालबुंद झाला. तिनं ठोकळा धरला, उभी राहिली, ठोकळा सोडला आणि चालू लागली. हात पसरून, डुलत, पण सरळ अयानच्या रोखानं. मध्ये एकदा आपटली. कुणी हललं नाही. पुन्हा उठली, गेली आणि दोन्ही हातांनी त्याचे केस धरले. अयाननं भोकाड पसरलं. बशीरभाई टाळ्या वाजवत होते. बायको माझा दंड धरून रडत होती. आई म्हणाली, "पयलं पाऊल भांडायला टाकलं. कुणावर गेली म्हणावं!" आणि सुनेकडं बघून तीही रडायला लागली. सर भिंतीकडं तोंड करून बराच वेळ नाक पुसत होते.

पुढं माझी बदली पाटोद्याला झाली आणि धारूर मागं पडलं. यंदा दिवाळीच्या सुट्टीत ओवीला किल्ला दाखवायला घेऊन गेलो. ती आता शाळेत जाते. किल्ल्याच्या वाटेवर एका कट्ट्यावर सर बसलेले दिसले. बरेच थकले होते. मी वाकून नमस्कार केला. ओवीनंही अनोळखी माणसाला करतात तसा केला आणि मला विचारलं, "बाबा, हे कोण?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर सरांनीच मला थांबवलं. "तुमच्या बाबाचे सर," ते तिला म्हणाले. "जा, वर लई मोठं तळं हाय. बघून या."

ती गेल्यावर मी म्हणालो, "सर, सांगू द्यायचं होतं."

"कशाला बे? तिला काय आठवणार हाय? एवढी पोरं चालली माझ्याकडं, एकालाबी आठवत न्हाई. त्या वयाचं कुणालाच आठवत नसतं." हे ते कुरकुरत म्हणत नव्हते. पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगत होते. ओवी चढणीवर पोचली होती आणि सुट्या दगडांवरून टणाटणा उड्या मारत निघाली होती. सर कपाळाला हात लावून, उन्हात डोळे बारीक करून बघत राहिले. ती बुरुजाआड दिसेनाशी झाली, तरी त्यांनी हात खाली घेतला नाही.